सातातले चार सांधे

ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी टोमॅटोच्या वाफ्यापाशी गुडघे टेकून बसलो होतो आणि माझ्या हातात इंजिन होतं. तिनेच मला इस्पितळातून घरी पाठवलं होतं. बागेतली खेळण्यातली गाडी अजून रुळावरच उभी आहे, हे मी आदल्या दिवशी तिला बोलून बसलो होतो. सकाळी डोळे उघडले तशी म्हणाली, "अहो, इंजिन आत घ्या. ओल लागली की मोटर जाते. आणि येताना माझा कंगवा आणा." कंगवा मी आधीच खिशात टाकला होता. इंजिन उचललं आणि फोन वाजला.

फोन वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरचा होता. त्याच इस्पितळात मी बत्तीस वर्षं साफसफाईचं काम केलं, त्यातली शेवटची अकरा मुकादम म्हणून. तिथे सगळे मला फिनेलकाका म्हणतात. अशी बातमी ऑफिसातून कळवायची पद्धत आहे, पण सिस्टरने ती ऑफिसवर टाकली नाही. म्हणाली, "फिनेलकाका, या. घाई करू नका, सावकाश या." हे वाक्य तिथल्या लोकांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. मी इंजिन फडक्याने पुसलं, कपाटात ठेवलं, कपाट लावलं आणि मग निघालो.

त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. फोनचे तर नाहीच, त्याच्या आधीच्या आठवड्याचेही नाही. मला हिच्याजवळ नुसतं बसवत नसे. चार दिवस तिने ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी माझ्या हातात पोछा दिला. "खाटेभोवतीचं तुम्हीच पुसा. आमच्या लोकांना कोपरे जमत नाहीत." मी पुसत होतो आणि ही उशीवरून बघत होती. म्हणाली, "खाटेखाली राहिलं." खरंच राहिलं होतं.

आता गाडीचं सांगतो. ही किल्ल्या बनवायची. बाजाराच्या तोंडाशी तिची टपरी होती, त्यात ती आणि तिची धाकटी बहीण बसायच्या. एकदा एका माणसाने कुलूपबंद पेटी आणली. किल्ली हरवलेली, आत काय आहे त्याला ठाऊक नाही. हिने कुलूप उघडून दिलं तर आत खेळण्यातलं इंजिन निघालं, हातभर लांब, चांगलं वजनदार. तो म्हणाला, "मला वाटलं कागदपत्रं असतील. हे तुम्हीच ठेवा." ते घेऊन ही घरी आली आणि म्हणाली, "याला रूळ लागतील." मी म्हटलं, कपाटावर ठेव, छान दिसेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू जिवंत माणसाला कपाटावर ठेवायला सांगितलं होतं.

त्यानंतर एकोणीस वर्षं बागेत रूळ पडत गेले. पितळी रूळ, खाली आडवे प्लास्टिकचे स्लीपर, त्याखाली बारीक खडी. खडी मी वाहिली. माझं काम तेवढंच. गाडी वाफ्यांच्या मधून जायची, भिंतीच्या कडेने वळायची, पाण्याच्या टाकीमागून निघून ओट्याच्या दिशेने सरळ यायची आणि ओट्यावर माझी खुर्ची असते तिच्यापासून दोन हातांवर वळून पुढे जायची. वाटेत सात सांधे. सांधा म्हणजे एका रुळाचे दोन रूळ होतात ती जागा. तिथे दोन हलणारी पाती असतात. खटका एका बाजूला ओढला की गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला ओढला की फाट्यावर.

शेवटच्या वर्षात हिच्याने खाली बसवत नव्हतं आणि त्या वर्षात सांधे बिघडले. इंजिन दोन ठिकाणी हमखास पडायचं. ही खिडकीतून सांगायची आणि मी उचलून ठेवायचो. दुरुस्त कसं करायचं ते मी विचारलं नाही. ती बरी झाली की करेल, असं धरून चाललो होतो.

ती गेल्यावर लेक महिनाभर माझ्याकडे राहिली. जायच्या आधी म्हणाली, "बाबा, गाडी मास्तरांच्या मंडळाला देऊन टाका. त्यांनी विचारलंय. सार्वजनिक बागेत मांडतील, नीट सांभाळतील. इथे ती गंजून जाईल आणि तुम्ही बघत बसाल."

"पितळ गंजत नाही."

"मग तुम्ही गंजाल."

मास्तर म्हणजे छोट्या गाड्यांच्या हौशी लोकांचं इथे एक मंडळ आहे, त्याचे प्रमुख. आयुष्यभर बँकेत कॅशियर होते, खऱ्या रेल्वेशी तिकीट काढण्यापलीकडे संबंध नाही. पण डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी घालतात, म्हणून मास्तर. माणूस सरळ. लेकीचं म्हणणंही सरळच होतं. पण त्या घरात आता हिच्या हातचं तेवढंच हलणारं उरलं होतं. मी म्हटलं, "एक अट. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी इंजिन आणि पाच डबे न पडता एक पूर्ण फेरी मारू देत. मारली तर गाडी इथे राहील. पडली तर मास्तरांना सांग, टेम्पो घेऊन या."

"दुरुस्त कोण करणार?"

"मी."

तिला माहीत होतं की घरात खिळा ठोकायचा असला तरी मी हिलाच हाक मारायचो.

मला जे येतं त्यापासून मी सुरुवात केली. सगळी लाइन साफ केली. पाला काढला, माती झाडली, रूळ पुसले. मग सांध्यांकडे वळलो. त्यांची अवस्था वाईट होती. रुळाच्या आतल्या अंगाला जागोजागी लाल, पिवळे, निळे प्लास्टिकचे तुकडे चिकटले होते, कडेला डिंक वाळून काळा झालेला. वॉर्डाच्या फरशीवर चिकटलेलं च्युइंगम काढायची एक चपटी खरवडणी असते, ती माझ्याकडे आहे. बत्तीस वर्षांची सवय. काही चिकटलेलं दिसलं की माझा हात जातोच. दोन दिवसांत मी सातही सांधे खरवडून आरशासारखे केले. कचरा पिशवीत भरला, पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली. संध्याकाळी मी चहा घेतला आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सोडली. पहिल्याच सांध्यावर इंजिन पडलं. उचलून पुढे ठेवलं तर दुसऱ्यावर डबे पडले. पूर्वी दोन ठिकाणी फक्त इंजिन पडायचं, आता सात ठिकाणी सगळंच पडत होतं.

मी धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे हिची बहीण, टपरी आता ती एकटीच चालवते. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि जिभेने माझ्यापेक्षा नऊ पट मोठी. दुपारी टपरी बंद करून आली, चपला ओट्यापाशी काढल्या, पहिल्या सांध्यापाशी वाकली आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिली.

"भाऊजी, इथले बिल्ले कुठे गेले?"

"कसले बिल्ले?"

"किल्लीला लावतात ते. प्लास्टिकचे. लाल, पिवळे, निळे."

मी कचऱ्याच्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"टाकलेत?"

"मला वाटलं कचरा आहे."

ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवले. "सगळे?"

"सगळे. डिंकसुद्धा काढला."

"डिंकसुद्धा काढला," ती म्हणाली. "अक्काने सहा वर्षं बसून एकेक पट्टी कापली. मी कात्री धरायची, ती माप सांगायची. आणि तुम्ही दोन दिवसांत स्वच्छता अभियान राबवलंत."

मग तिने मला समजावलं. गाडीच्या चाकाला आतून एक उंच कड असते. सांध्यावर चाक चुकीच्या फटीत शिरू नये म्हणून पलीकडच्या रुळाच्या आतून एक आखूड पट्टी बसवलेली असते, ती चाकाच्या कडेला जागेवर धरते. ही त्या पट्टीला सासूपट्टी म्हणायची. स्वतः कुठे जात नाही आणि दुसऱ्याला इकडेतिकडे जाऊ देत नाही. वापराने सासूपट्टी झिजते, फट रुंद होते, मग चाक भरकटतं. फट पुन्हा अरुंद करायला हिने बिल्ल्यांच्या पट्ट्या कापून आतून चिकटवल्या होत्या. लाल बिल्ला पातळ, निळा मध्यम, पिवळा जाड. जिथे जशी झीज, तिथे तो रंग.

"कुठे कोणता होता ते आठवतं?" मी विचारलं.

"मला कसं आठवेल? ते तुम्ही बघायला हवं होतं. बघता बघता खरवडायचं."

मी ओट्यावर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "रडू नका आता. बिल्ल्यांचे डबे भरलेत टपरीत. उद्या घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी तिने बिल्ल्यांचा डबा आणला आणि एका फडक्यात गुंडाळलेल्या हिच्या कानशी आणल्या. सहा कानशी, सगळ्यांच्या लाकडी मुठी तिच्या हाताने काळ्या झालेल्या. बिल्ल्यांची रीत धाकटीने अशी शिकवली. गाडीच्या एका जुन्या डब्याची चाकांची जोडी सुटी काढायची आणि हाताने सांध्यावरून ढकलायची. चाक सैल जात असेल तर जाड पट्टी, अडकत असेल तर पातळ. "मोजपट्टी नाही का?" मी विचारलं. म्हणाली, "अक्काची मोजपट्टी तिच्या बोटात होती. तुमची तयार व्हायला वेळ लागेल." आठवडा लागला. पण झाली. चाक बरोबर गेलं की बोटाला काहीच लागत नाही, हे मला कळायला लागलं. सातही सांध्यांत पुन्हा पट्ट्या बसल्या. हिच्या होत्या तशाच की नाही, सांगता येणार नाही.

डबे आता पडत नव्हते. इंजिन मात्र चार ठिकाणी पडत होतं; त्यातली दोन हिच्या पट्ट्यांनी निभावून नेली होती, माझ्या पट्ट्यांना ते जमलं नाही. त्याला कारण वेगळं होतं. हलणाऱ्या पात्याचं टोक सुरीसारखं धारदार असावं लागतं, म्हणजे ते रुळाला अगदी चिकटून बसतं. ते बोथट झालं की समोरून येणारं चाक त्याला धडकतं आणि वर चढतं. ती टोकं कानशीने घासून पुन्हा निमुळती करायची होती.

मी कानस घेतली. धाकटी दोन मिनिटं बघत राहिली.

"भाऊजी, फरशी घासताय का?"

"मग कशी घासू?"

"पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. मागे ओढलीत की दात मरतात. पोछा नाही तो."

एका टाकाऊ किल्लीवर तिने माझ्याकडून दोन दिवस तेच करून घेतलं. पुढे दाब, मागे उचल. टपरीवर गिऱ्हाईक ताटकळत असणार, तरी ती रोज दुपारी यायची. एकदा मी म्हटलं, "तुझे फार उपकार होताहेत." म्हणाली, "उपकार माझे नाहीत, टपरीला कुलूप लावता येतं त्याचे आहेत. घासा."

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मास्तर आले. मंडळाच्या टेम्पोत किती रूळ मावतील त्याचं माप घ्यायला आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. टेप घेऊन बागेतून फिरले. मी दुसऱ्या सांध्याचं पातं घासत होतो. ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

"भाऊ, कशाला एवढा त्रास घेताय? गाडी उलटी फिरवा."

"म्हणजे?"

"बघा, सातातले चार सांधे झिजलेत आणि तीन नव्यासारखे आहेत. का, विचार केलात कधी?"

मी केला नव्हता.

"गाडी नेहमी एकाच बाजूने फिरली म्हणून. या चार सांध्यांना ती समोरून धडकत आली, आणि त्या तिघांवरून मागून निघून गेली. मागून येणारं चाक पात्याला ढकलून जातं, चढत नाही. आता दिशा उलटी करा. नव्यासारखे तीन तिच्या समोर येतील, झिजलेले चार मागे पडतील. पाती बोथट असली तरी बिघडत नाही. आज, आत्ता फेरी पुरी होईल. मी टेम्पो रद्द करतो."

मी कानस खाली ठेवली. महिनाभर जे धरून बसलो होतो ते एका वाक्यात मिळत होतं.

"हिला हे माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"वहिनींना? मी स्वतः तीनदा सांगितलं. म्हटलं, महिनाभर इकडून फिरवा, महिनाभर तिकडून. सगळे सांधे सारखे झिजतील, दुप्पट टिकतील."

"मग?"

"नाही म्हणाल्या. म्हणाल्या, उलटी फिरवली की यांना शेपूट दिसतं."

"यांना म्हणजे कोणाला?"

मास्तरांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "आता 'यांना' म्हणजे कोणाला, हे मी तुम्हाला सांगू?"

मी ओट्याकडे पाहिलं. माझी खुर्ची तिथेच होती. ड्यूटीवरून आलो की मी त्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचो आणि ही बागेत असायची. टाकीमागून शिटी वाजली की मी पेपर खाली करायचो. इंजिन दिवा लावून सरळ माझ्या तोंडावर येत असायचं. अगदी जवळ आलं की वळायचं, मी पेपर वर करायचो. एवढंच. मला वाटायचं गाडी अशीच फिरते, घड्याळाचे काटे जसे एकाच बाजूने फिरतात तशी. दुसऱ्या बाजूने फिरवता येते हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उलटी फिरली असती तर ती माझ्या पायाशी वळून टाकीकडे निघून गेली असती आणि मला शेवटच्या डब्याची पाठ दिसली असती.

इथे एकोणीस वर्षं पितळ झिजत होतं आणि तिकडे मी पेपर वाचत होतो. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर मी काय म्हटलं असतं तेही मला ठाऊक आहे. मी म्हटलं असतं, फिरव गं कशीही, मला काय फरक पडतो.

"मास्तर," मी म्हटलं, "उलटी नको."

"अहो, अट तुमचीच. एक फेरी. कुठल्या बाजूने ते तुम्ही बोलला नव्हता."

"नव्हतो बोललो. आता बोलतो."

"एक आठवडा राहिलाय. चार सांध्यांपैकी दीड झालाय. पडली तर मी घेऊन जाईन हं. मला नंतर वाईट वाटून घ्यायला लावू नका."

"घेऊन जा."

त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली. "वहिनींचं नि तुमचं डोकं सारखंच," म्हणाले. "त्या निदान हुशार होत्या."

जाताना त्यांनी मंडळातली स्क्रूने आवळायची एक बारीक पकड मला वापरायला ठेवली. स्वतःच्याच टेम्पोचं नुकसान करणारी. हे मी विसरलेलो नाही.

दुसरा सांधा मंगळवारी झाला, तिसरा गुरुवारी. प्रत्येक सांध्याला दोन पाती. एक सरळ जाणाऱ्या गाडीला वाट दाखवतं, दुसरं वळणाऱ्या गाडीला. चौथ्या सांध्यावरून डबे उभे करायच्या शेडकडे जाणारा फाटा फुटतो. त्याचं सरळ पातं शुक्रवारी दुपारी चांगलं झालं, बोटाला काही लागेना. मग मी वळणाचं पातं घेतलं. तेही जवळजवळ झालं होतं. धाकटी म्हणाली, "आता थांबा. पुरे." आणि टपरीवर गेली. मी थांबणारच होतो. पण टोकाजवळ एक काळी रेघ दिसत होती, डागासारखी. आणि डाग दिसला की मला तो सोडवत नाही. मी दहा हात मारले. रेघ गेली. पातं छान चकचकीत झालं. खटका ओढला तर टोक पापडासारखं मोडून खडीत पडलं.

संध्याकाळी धाकटीने ते टोक तळहातावर घेऊन पाहिलं. मला वाटलं आता आपली खैर नाही. पण ती हसायलाच लागली. हसता हसता ओट्यावर बसली, डोळे पुसले. "अक्का म्हणायची, माझा नवरा एक दिवस घर पुसता पुसता पुसून टाकील."

"असं म्हणायची?"

"नेहमी. पण टपरीत रोज डबा तुमच्याच हातचा, आणि डब्याला बाहेरून एक डाग नाही. तेही सांगायची. गिऱ्हाइकांना दाखवायची डबा."

मला हेही नवीन होतं. ही गेल्यापासून मी तिची माणसं सांभाळतोय असं मला वाटत होतं. खरं तर तिची माणसंच मला तिचं काही ना काही आणून देत होती, एकेक करून.

नवीन पातं दोन दिवसांत होण्यासारखं नव्हतं. मग आम्ही चौथा सांधा सरळ बाजूला लावला आणि मास्तरांच्या पकडीने आवळून ठेवला, हलूच नये असा. शेडचा फाटा त्यामुळे बंद झाला. पण फेरीला फाटा लागत नाही. मी मास्तरांना फोन करून हे आधीच सांगितलं, नंतर कोणी फसवलं म्हणायला नको. ते म्हणाले, "खऱ्या रेल्वेतही असंच करतात. नियमात बसतं." खऱ्या रेल्वेत काय करतात ते त्यांना किती माहीत, देव जाणे. पण त्यांनी ते म्हटलं.

रविवारी सकाळी लेक आली. मास्तर टोपी घालून आले, टेम्पो बाहेर उभा केला होता. धाकटी थकली होती, ती सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसली. मी इंजिनाला पाच डबे जोडले, बॅटरी चालू केली आणि गाडी सोडून चौथ्या सांध्यापाशी जाऊन उभा राहिलो. भरवसा मला त्याचाच नव्हता.

पहिल्या सांध्यावरून गाडी गेली. दुसऱ्यावर इंजिन थोडं हललं, पण गेलं. भिंतीच्या कडेने वळली. तिसऱ्यावर चौथ्या डब्याचं चाक उचललं गेलं. मी ते वीस पावलांवरून पाहिलं, लेकीनेही पाहिलं. चाक सासूपट्टीला घासलं आणि परत रुळावर बसलं.

"सासूने वाचवलं," धाकटी खुर्चीतून म्हणाली.

मग गाडी माझ्याकडे आली. माझ्या बुटांच्या पुढून चौथ्या सांध्यावर चढली, पाच डबे एकामागून एक खटखट करत गेले आणि टाकीमागे दिसेनाशी झाली. शिटी वाजली. ओट्याकडे जाताना ती कशी दिसते ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. धाकटीला आणि लेकीला दिसत होतं. लेक ओट्याच्या पायरीवर बसली होती. तिने तोंडावर हात धरला आणि तसाच ठेवला.

फेरी पुरी झाली. कोणी गाडी थांबवली नाही. ती फिरत राहिली, बॅटरी उतरेपर्यंत, अकरा फेऱ्या. सातव्या फेरीला मास्तर बाहेर गेले आणि टेम्पोवाल्याला परत पाठवून आले. आत येऊन मला म्हणाले, "भाऊ, पहिल्या शनिवारी मंडळाची बैठक असते. येत चला. सांध्यांचं काम करणारा माणूस आमच्याकडे नाही."

"मी एक पातं मोडलंय."

"आमच्याकडे मोडण्यापर्यंतही कोणी पोचलेलं नाही."

लेक दोन दिवस राहून गेली. जाताना गाडीबद्दल काही बोलली नाही. फक्त विचारलं, "बाबा, कानस पुढे जाताना दाबायची ना?" मी म्हटलं, हो, आणि मागे येताना उचलायची. पुढच्या वेळी तिला शिकवायचं ठरलं आहे.

मी फार शिकलेला नाही आणि आभार कसे मानतात ते मला नीट येत नाही. सिस्टरला मी गेल्या आठवड्यात जाऊन भेटलो. टोमॅटो नेले होते. तिने ते घेतले आणि विचारलं, "काका, बरं चाललंय ना?" मी हो म्हटलं, आणि ते बरंचसं खरं होतं. मास्तरांची पकड त्यांना परत द्यायची होती, पण ते म्हणाले, राहू द्या, काम होईपर्यंत. धाकटी आता रोज दुपारी येत नाही, रविवारी येते. मी डबा करतो, तो नेते. हिचे आभार मानायची सोय राहिली नाही. म्हणून मी लाइन झाडतो, रूळ पुसतो, आणि जे चिकटलेलं आहे त्याला हात लावायच्या आधी कोणाला तरी विचारतो.

धाकटीने पितळेची पट्टी कापून दिली आहे. त्यातून वळणाची दोन पाती मी बनवली. पहिलं आखूड झालं, दुसरं वाकलं. तिसऱ्याची पट्टी मेजावर आहे, तिच्यावर खूण केली आहे, अजून घासायला घेतलेली नाही. चौथा सांधा सरळच आवळलेला आहे आणि शेडचा फाटा बंद आहे.